घरून काम करायला गाव शोधताना: नाशिक, रत्नागिरी, कोल्हापूर

आमच्या कंपनीने हिंजवडीतला मजला सोडला आणि सांगितलं की आता कायमचं घरूनच, वर्षातून दोनदा पुण्यात भेटायचं, बास. मी वाकडला राहायचे, मी आणि आई, दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं ३२ हजार, आणि उन्हाळा लागला की सोसायटीत टँकर. हे सगळं ज्या ऑफिससाठी करत होतो ते ऑफिसच उरलं नाही, मग वाकडला राहायचं कशासाठी, हे पहिल्यांदा आईच म्हणाली. मला ते पटायला दोन महिने गेले. मग प्रश्न आला की जायचं कुठे.

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, रँकिंग बघितली. केंद्र सरकारच्या ईज ऑफ लिव्हिंगच्या यादीत पुणे २०१८ ला देशात पहिलं आणि २०२० च्या यादीत मोठ्या शहरांमध्ये बंगळुरूच्या खालोखाल दुसरं. म्हणजे यादीवर चालायचं तर मी होते तिथेच राहायला हवं होतं. नोमॅड लिस्ट म्हणून एक साईट आहे, २०१४ पासून चालू आहे, तिथे जगभरच्या शहरांना इंटरनेट, खर्च, हवा यावर मार्क दिलेले असतात. ती मन लावून वाचली, पण ती दोन-तीन महिने राहून पुढच्या देशात जाणाऱ्या माणसाच्या कामाची आहे. मला आईला घेऊन राहायचं होतं, गॅसचं कनेक्शन घ्यायचं होतं, तिच्या शुगरचा डॉक्टर शोधायचा होता.

आणि माझं काम. मी एका जर्मन क्लायंटच्या वेअरहाऊस सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघते. सिस्टीम अडकली की तिकडे गेटवर ट्रक उभे राहतात आणि आत माणसं हात बांधून थांबतात, त्यामुळे कॉलवरून मी अर्धा तास गायब झाले तर ते खपवून घेण्यासारखं नसतं. शिफ्ट त्यांच्या वेळेवर. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की दीड ते साडेदहा. म्हणजे मला गाव कसं आहे हे सकाळी अकरा वाजता बघून उपयोग नव्हता, संध्याकाळी सात ते दहा ते कसं वागतं ते बघायचं होतं, कारण वळवाचा पाऊस पण त्याच वेळेला येतो आणि लाईटवर ताण पण तेव्हाच असतो.

म्हणून ठरवलं की तीन गावं, प्रत्येकी एक महिना, भाड्याने राहून. आणि त्यातली दोन भर पावसात. ऑफिसमधले मित्र म्हणाले डिसेंबरात जा, छान हवा असते. अरे पण डिसेंबरात कुठलंही गाव छानच असतं ना. मला त्याचा वाईट दिवस बघायचा होता.

एक दोनशे पानी वही घेतली. रोज लाईट कधी गेली, कधी आली, नेट कधी गेलं, कधी आलं, कुणाला फोन केला, तो काय म्हणाला आणि माणूस किती वेळाने आला, एवढंच लिहायचं. जुना लॅपटॉप नुसता पिंगला लावून ठेवायचा, दिवसभर, फ्रँकफर्टच्या सर्व्हरला, म्हणजे तिकडे हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघायचं. हे मुद्दाम सांगते कारण घर दाखवताना प्रत्येक मालक मोबाईलवर स्पीड टेस्ट करून दाखवतो, बघा मॅडम शंभर येतंय. ती टेस्ट पंधरा-वीस सेकंदांची. ग्रुप व्हिडिओ कॉलला दोन्हीकडून ४ एमबीपीएस मिळालं तरी झकास चालतं, शंभर लागतच नाही. लागतं ते अखंड. पिंग १४० आहे आणि दिवसभर १४० च आहे तर काही अडत नाही, पण १४०, १४०, ९००, मग रिक्वेस्ट टाईम्ड आऊट, म्हणजे उत्तरच नाही, असं दर पाच मिनिटांनी होत असेल तर समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू येतो आणि तो आपल्यालाच म्हणतो की तुमच्याकडचं नेट खराब दिसतंय.

पहिलं नाशिक, मार्चमध्ये. गंगापूर रोडला. खरं सांगते, पहिल्या तीन आठवड्यांत मी मनातल्या मनात नाशिकच पक्कं करून टाकलं होतं. सकाळची हवा, दारात द्राक्षांच्या गाड्या, फायबर चालू तर इतकं सुंदर की पिंगचा आलेख सरळ रेघ, वहीत तीन आठवड्यांत लाईटच्या दोनच नोंदी, दहा-दहा मिनिटांच्या. मुंबईला जायला पंचवटी एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे. आई पण खूश.

बावीसाव्या दिवशी दुपारी पावणेतीनला नेट गेलं. शहरात २०२७ च्या कुंभमेळ्याची कामं चाललेली, सगळीकडे खोदाई, आमच्या कोपऱ्यावर जेसीबीने केबल उचकटली. मी खाली जाऊन खड्ड्यात बघितलं, काळ्या पाईपचं टोक बाहेर आलेलं आणि आतून धाग्यासारख्या रंगीत तारा लोंबत होत्या. खोदणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले आम्हाला खोदायचे पैसे मिळतात ताई, जोडायचे नाही. कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली, तुमची तक्रार नोंदवली आहे. फोन केला तर कॉल सेंटरमधली मुलगी दुसऱ्याच राज्यातली, तिला गंगापूर रोड कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही, ती तरी काय करणार, तिने परत तक्रार नोंदवली. ७१ तास. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीन दिवस काढले आणि संध्याकाळी टॉवरवर गर्दी वाढली की व्हिडिओ बंद करून नुसता आवाज.

नाशिकला मी नावं ठेवत नाही, मोठ्या होत चाललेल्या कुठल्याही शहरात हे होणार, आणि जेसीबी कोल्हापुरात पण आहेत. पण त्या ७१ तासांत एक गोष्ट मला कळली ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली: दुरुस्त करणाऱ्या माणसाचा नंबर माझ्याकडे आहे का? तीन महिन्यांत मी जे काही शिकले ते या एका प्रश्नाभोवतीच.

मग जून, रत्नागिरी. मारुती मंदिरापासून थोडं आत, उतारावरचं जुनं घर, चिऱ्याचं, पुढे-मागे माड. भाडं ११ हजार. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जून काय असतो हे मला ऐकून माहीत होतं, अनुभवून नव्हतं.

पहिला धडा भिंतींनी दिला. चिऱ्याची भिंत एवढी जाड की बाहेरच्या खोलीतल्या राउटरचं वायफाय आतल्या खोलीत यायचंच नाही. पुण्यातल्या विटांच्या घरात हे कधी डोक्यात पण आलं नव्हतं. बाजारात जाऊन वीस मीटर लॅन केबल आणली, खिडकीच्या गजांतून ओवली. दुसरा धडा विजेचा. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गडगडायला लागलं की सगळी बटणं काढायची हो, नुसती बंद नाही करायची, पिना बाहेर." मी कॉलवर होते म्हणून नाही काढली. कडाड्‌दिशी आवाज झाला आणि राउटरचे सगळेच दिवे गेले, ॲडॅप्टरला जळका वास. त्या दिवसापासून काळं आभाळ दिसलं की मी लॅपटॉप बॅटरीवर आणि राउटर बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर, आणि यूपीएसची पिन भिंतीतून बाहेर. तो यूपीएस जाडजूड मोबाईलएवढा असतो, राउटर तीन-चार तास काढतो, हजार-बाराशेच्या आसपास मिळतो. गाव कुठलंही असो, हा घ्याच.

सोळा जूनला रात्री वारं सुटलं. माडाची झावळी तारांवर पडली, लाईट गेली साडेसातला. इन्व्हर्टर होता, राउटर चालू होता, नेट चालू होतं, मला वाटलं निभावलं. साडेदहाला नेट पण गेलं, कारण केबलवाल्याच्या रस्त्यावरच्या पेटीतली बॅटरी संपली. मग मोबाईल. तो अकराच्या सुमाराला गेला, टॉवरची बॅटरी संपली असणार. माझी शिफ्ट साडेनऊला संपली होती म्हणून त्या दिवशी वाचले, पण हिवाळ्याच्या वेळेत मी साडेदहापर्यंत असते. लाईट आली दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला. वहीत १४ तास. त्या रात्री मला समजलं की आपल्या घरातला बॅकअप म्हणजे साखळीतली एकच कडी, पुढे केबलवाल्याची पेटी, मग त्याचं ऑफिस, मग टॉवर, आणि त्यांच्यापैकी कुणाची बॅटरी किती तास चालते हे घर घेण्याआधी विचारायला पाहिजे. कोणी विचारत नाही. मी पण नव्हतं विचारलं.

लोकांबद्दल मात्र काय सांगू. लाईनवरची माणसं पहाटे पाचला पावसात खांबावर चढलेली मी स्वतः बघितली, खाली एक जण बॅटरी धरून उभा. काकूंनी त्या रात्री आईला एकटं वाटू नये म्हणून कंदील घेऊन आमच्याकडेच बैठक मारली, आंबोशीपासून मुंबईच्या भावजयीपर्यंत सगळ्या गप्पा. मी तर राहिलेही असते, ज्याची शिफ्ट सकाळची असेल त्याने रत्नागिरीचा जरूर विचार करावा. पण दोन गोष्टी होत्या. एक ती साखळी. दुसरी आईचे गुडघे. सगळा रस्ता चढ नाहीतर उतार, आणि पावसात शेवाळ. ती महिनाभर गेटच्या बाहेर एकटी गेली नाही. माझं काम चाललं आणि आई घरात बसून राहिली तर त्याला गाव मानवलं असं मी म्हणू शकत नाही.

जुलै मध्यावर कोल्हापूर. इथे मी आधी घर नाही बघितलं, आधी पाणी बघितलं. कोल्हापूरचा वाईट दिवस काय असतो हे तिथलं पोर पण सांगतं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ झाली की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती, दोन्ही वेळेला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि पुण्याकडची वाट बंद. पाणी उपसणारे पंपच बुडाले म्हणून शहराला प्यायचं पाणी नव्हतं, टँकरला रांगा. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ मध्ये आलं ते या सगळ्यानंतर.

एजंटने नागाळा पार्कात एक सुंदर फ्लॅट दाखवला, झाडी, शांतता, भाडं पण बेताचं. खाली पानटपरी होती तिथे विचारलं, पाणी येतं का हो इकडे? त्यांनी चुन्याचं बोट पुसलं, बाहेर आले आणि भिंतीवर आपल्या छातीच्या वर हात टेकवला. "हितंपर्यंत आलतं. एकोणीसला बी, एकवीसला बी." रंग दिलेला होता तरी नीट बघितल्यावर त्या उंचीला भिंतीचा पोत बदललेला दिसत होता. असं मी शाहूपुरीत पण केलं, कोणी अंगठ्याने दाखवायचं, कोणी पायरी मोजून. नकाशावरची पूररेषा बघितली होतीच, पण टपरीवाल्याचा हात मला जास्त खरा वाटला. राजारामपुरी उंचावर, तिथे विचारलं तर लोक म्हणाले पाणी नाही येत, पण पूर आला की आमच्याकडं पै-पाहुणे येतात. तिथेच दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, १३ हजार.

नेट कुणाचं घ्यायचं हे पण यावेळी वेगळं केलं. ई-सेवा केंद्रात गेले. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, फॉर्म भरायला पोरांची रांग असते तिथे, नेट गेलं की त्याचा धंदाच बंद, म्हणजे गावातली कुठली लाईन खरी चालते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्याने त्याच्या केबलवाल्याचा नंबर दिला. केबलवाल्याला मी तीन प्रश्न विचारले: तुमच्या पेटीला बॅटरी किती तास, ऑफिसला जनरेटर आहे का, आणि रात्री नऊला लाईन तुटली तर कोण येणार. तो जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला पेटीला सहा तास, ऑफिसला जनरेटर हाय, आणि मीच येणार की.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते बघायला मिळालं. नदी पात्राबाहेर आलेली, रोज बातमीत किती बंधारे पाण्याखाली तो आकडा, संततधार. संध्याकाळी पावणेसातला झाडाची फांदी पडून आमच्या गल्लीतली लाईन तुटली. फोन केला. सव्वासातला तो आणि एक पोरगा आला. पोराने छत्री धरली, याने स्टुलावर स्प्लायसिंगचा, म्हणजे तुटलेली तार जोडायचा, डबा ठेवला, तुटलेल्या केबलचं काळं साल सोललं, आतून केसाएवढी काचेची तार काढली, स्पिरिटच्या कापसाने दोनदा पुसली, कटरने टोक सरळ तोडलं. तसंच दुसरं टोक. दोन्ही डब्यात समोरासमोर ठेवली, झाकण लावलं. छोट्या स्क्रीनवर ती दोन टोकं खांबांएवढी मोठी दिसत होती, हळूहळू जवळ आली, बारीक ठिणगी उडाली आणि एकच तार झाली. खाली आकडा आला ०.०२, म्हणजे जोडात सिग्नल जवळजवळ वाया जात नाही. "च्या घ्यायला वेळ हाय काय ताई, का मीटिंग हाय?" मीटिंग होती. वहीत लिहिलं: नेट गेलं ६:४५, माणूस आला ७:१५, नेट आलं ७:५०.

त्या पासष्ट मिनिटांत मी कुठे होते ते पण सांगते, कारण ही गोष्ट मला कुठल्याच यादीत सापडली नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला अभ्यासिका आहे, एमपीएससीच्या पोरांची. अशा गावांत घरून काम करणाऱ्याला खरा आधार कुठला असेल तर तो अभ्यासिकेचा. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडी, इन्व्हर्टर, वायफाय, महिन्याला हजारच्या आत. अडचण एकच, बोलता येत नाही, पोरं जीव तोडून अभ्यास करत असतात आणि तिथे आपण जर्मनीशी गप्पा मारणं बरोबर नाही. मी आल्या आल्याच चालवणाऱ्या सरांना भेटून ठेवलं होतं. ते म्हणाले मागं माझी ऑफिसची खोली आहे, संध्याकाळी रिकामीच असते, बसा की. लाईन तुटल्यावर लॅपटॉप ओढणीखाली धरून पळत गेले, चार मिनिटांत परत कॉलवर. तिकडे कुणाला कळलं पण नाही.

आईने तिचं आपलं वेगळं बघितलं होतं. ती रोज सकाळी रिक्षाने रंकाळ्यावर जायची, सपाट रस्ता, दर थोड्या अंतरावर बसायला कट्टा. दुसऱ्या आठवड्यात तिला तिथे चार बायका मिळाल्या, तिसऱ्या आठवड्यात त्या तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेल्या, शुगर असताना, मी ओरडले तर म्हणाली अगं साखर नाही घातली. शुगरच्या डॉक्टरचा पत्ता पण त्यातल्याच एकीने दिला.

खटकलं ते पण लिहिते. पुण्याला जायचं तर महामार्गाच्या रुंदीकरणामुळे वेळेचा भरवसा नाही, चार तास म्हणून निघालो आणि साडेसहा लागले. माझ्यासारखं काम करणारं कोणी आसपास नाही, दुपारी अडलं तर विचारायला माणूस नाही, हे मला जाणवतं आणि अजून जाणवतं. को-वर्किंगच्या जागा आहेत पण मी बघितल्या त्या संध्याकाळी सातलाच बंद होणाऱ्या, माझ्या उपयोगाच्या नाहीत.

तरी दिवाळीनंतर सामान हलवलं. करार करताना मालकांना विचारून पायरीच्या बाजूला केबलसाठी एक भोक पाडून घेतलं. वहीचं नवीन पान केलं आहे, त्यावर पुराचा हिशेब लिहून भिंतीला लावला आहे. राजाराम बंधाऱ्याला ३५ फूट झालं की सिलेंडर, आईची महिन्याची औषधं आणि पाण्याचे वीस लिटरचे चार जार. ३९ झालं की मॅनेजरला मेल, माझा बदली माणूस तयार ठेवा. ४१ ला आईला घेऊन, शिरोलीचा रस्ता उघडा असेपर्यंत, पुण्याला बहिणीकडे. केबलवाल्याला ते पान दाखवलं तर त्याने नीट वाचलं आणि म्हणाला, "सगळं बरोबर हाय, पण एक्केचाळीसची वाट बघू नका ताई. चाळीसला निघा." खोडून चाळीस केलं आहे.